जुन्या बँडचा नवा गायक: कॉन्सर्टचा व्हिडिओ पारखायचा कसा

रॉक बँड म्हातारे होतात, पण सहजासहजी बंद पडत नाहीत. मूळ गायक वारतो, भांडून बाहेर पडतो किंवा त्याचा गळा साथ देईनासा होतो. गिटारवाला आणि ड्रमर मात्र दौरे चालूच ठेवतात. मग कधीतरी त्यांच्या कॉन्सर्टचा व्हिडिओ येतो आणि माइकपाशी भलताच माणूस उभा असतो. त्याच्याबद्दलची मतं पहिलं कडवं संपायच्या आत तयार होतात: एक तर 'अगदी तस्साच गातो!', नाहीतर 'छे, ह्याला त्याची सर नाही'. दोन्ही मतं फारशी कामाची नाहीत, कारण दोन्हींत बँडचा पत्ताच नसतो.

ज्यांनी हे बँड रेकॉर्डवरून ऐकलेत आणि आता नव्या गायकाबरोबरचा पहिलाच व्हिडिओ लावायला बसलेत, त्यांच्यासाठी हा लेख. असे व्हिडिओ मी बरीच वर्षं बघत आलोय आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: गायकाच्या माथी मारलेल्या बऱ्याचशा तक्रारी मुळात पट्टीच्या, लयीच्या नाहीतर मिक्सिंगच्या असतात. त्या आधी वेगळ्या काढल्या की गायकाबद्दल जे उरतं, ते बोलण्यासारखं असतं.

हाताशी काय हवं

- बरे हेडफोन, शक्यतो वायरचे. वायरचेच का, ते पुढे येईलच.
- व्हिडिओची अधिकृत प्रत: ब्ल्यू-रे, डीव्हीडी किंवा बँडने स्वतः प्रसिद्ध केलेली. प्रेक्षकातून मोबाइलवर घेतलेलं चित्रण नको.
- त्याच बँडचं, मूळ गायक असतानाचं एक लाइव्ह रेकॉर्डिंग. त्याऐवजी स्टुडिओ अल्बम चालणार नाही.
- मोबाइलवर ट्यूनर ॲप आणि ठेक्यावर बोट आपटून गती मोजणारं मेट्रोनोम ॲप. दोन्ही फुकट मिळतात.
- डिस्कबरोबर येणारी पुस्तिका, नाहीतर शेवटची श्रेयनामावली. ही लोक वाचतच नाहीत, तुम्ही वाचा.
- वही.

१. आधी माणसं आणि तारखा लावून घ्या

व्हिडिओ लावण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: गायक बँडमध्ये कधी आला, कॉन्सर्ट कधी झाली आणि त्या दिवशी बाकीचे वादक कोण होते.

जर्नी ह्या अमेरिकन बँडचंच बघा. फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा गिटारवादक नील शॉनला यूट्यूबवर सापडला आणि २००७च्या अखेरीस बँडमध्ये आला. त्याचा मनिलातला कॉन्सर्ट व्हिडिओ मार्च २००९चा, म्हणजे बँडमध्ये येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. दुसरा व्हिडिओ टोकियोच्या बुडोकानमधला, २०१७चा. त्यात १९८१ आणि १९८३चे दोन अल्बम बँडने सलग वाजवले. माणूस तोच, पण एका ठिकाणी तो पाहुण्यासारखा सावध आहे की घरच्यासारखा मोकळा, हे तारीख माहीत असेल तरच नीट वाचता येतं. आता ड्रमरकडे बघा. मनिलात डीन कॅस्ट्रोनोव्हो, बुडोकानमध्ये स्टीव्ह स्मिथ. आणि हा स्मिथ त्या दोन्ही मूळ अल्बमांवर वाजवलेला माणूस. दोन व्हिडिओंमध्ये तुम्हाला फरक जाणवला तर तो सगळा पिनेडाच्या नावावर टाकता येणार नाही.

गायक आला कुठून, हेही महत्त्वाचं. साधारण चार वाटा असतात.

*ट्रिब्यूट बँडमधून आलेला.* ज्यूडस प्रीस्टने १९९६ मध्ये रॉब हॅलफर्डच्या जागी घेतलेला टिम 'रिपर' ओवेन्स त्यांचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमधला. 'येस'ने जॉन अँडरसनच्या जागी आणलेला बेन्वा डेव्हिडही तसाच. असा गायक पहिल्यांदा ऐकताना थक्क करतो. माझं स्पष्ट मत असं की त्याला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय काही लिहूच नये, कारण नक्कल ओळखण्यातली मजा ओसरली की मगच तो स्वतः काय करतो ते ऐकू यायला लागतं.

*आधीच नाव कमावलेला.* क्वीनबरोबर २००५च्या सुमारास गाणारा पॉल रॉजर्स, व्हॅन हेलनमध्ये १९८५ला आलेला सॅमी हेगर. हे स्वतःचा आवाज बदलत नाहीत. गाणं त्यांच्याकडे वळतं.

*कुणाला फारसा माहीत नसलेला.* पिनेडा इथला.

*बँडमधलाच.* पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिस सोडून गेला आणि ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गायला लागला. श्रोत्यांच्या कानाला ह्याची सवय आधीच झालेली असते, कारण मागचे सूर तोच लावत असतो.

आणि 'नवा' हा शब्द जपून वापरा. एसी/डीसीचा ब्रायन जॉन्सन १९८० मध्ये बॉन स्कॉटच्या मृत्यूनंतर आला. १९९१च्या डॉनिंग्टनच्या व्हिडिओपर्यंत त्याची बँडमधली वर्षं स्कॉटपेक्षा जास्त झाली होती. तरी आजही कुणी ना कुणी त्याला नवा गायक म्हणतोच.

२. तुलना लाइव्हची लाइव्हशी करा

सगळ्यात मोठा सापळा हाच. आपल्या डोक्यात मूळ गायकाचा आवाज म्हणून जो बसलेला असतो तो स्टुडिओतला: अनेक प्रयत्नांतून निवडलेला, एकावर एक थर चढवलेला, ताज्या गळ्याने एका वेळी एकच गाणं गायलेला. समोरच्या व्हिडिओतला माणूस दीड-दोन तास सलग गातोय, धावतोय, घामाघूम झालाय. ही लढत बरोबरीची नाही.

म्हणून मूळ गायकाचं लाइव्ह रेकॉर्डिंग काढा आणि तेच गाणं त्यात ऐका. बहुतेक वेळा आश्चर्य वाटेल. क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीसारखा मूळ गायकसुद्धा रेकॉर्डवरच्या सगळ्यात उंच जागा मंचावर बऱ्याचदा खालच्या सुरांकडे वळवायचा, आणि अगदी वरचे सूर ड्रमर रॉजर टेलर लावायचा. क्वीनबरोबर नंतर गायला लागलेला ॲडम लॅम्बर्ट त्याच जागा सरळ वर घेतो तेव्हा 'मर्क्युरी असा गात नसे' म्हणणारा आणि 'मर्क्युरीपेक्षा वर गेला' म्हणणारा, दोघेही स्टुडिओ आणि मंच यांची गल्लत करत असतात.

दोन्ही रेकॉर्डिंगं एका बैठकीत ऐका: एक कडवं जुनं, एक नवं. पूर्ण गाणं ऐकून मग दुसरं लावलं तर कानात फक्त पहिल्याची ओढ उरते.

३. पट्टी तपासा

आता ट्यूनर काढा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते असा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, निवडा. रॉकमध्ये अशा रिफांना तोटा नाही. नेहमीच्या सुरावटीत ती तार पाश्चात्य नावाने 'ई', म्हणजे सुमारे ८२.४ हर्ट्झ. ट्यूनर 'ई फ्लॅट' दाखवत असेल, सुमारे ७७.८ हर्ट्झ, तर बँडने सगळं अर्धा सूर खाली उतरवलंय. 'डी' दाखवला तर पूर्ण सूर खाली, किंवा मग फक्त तेवढी एक तार उतरवलेली असेल. दुसऱ्या एखाद्या गाण्यावर पडताळून बघा.

पट्टी उतरवणं ही फसवणूक नाही. मेटॅलिकाने गायक बदललेला नसतानाही नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मंचावर अर्धा सूर खाली वाजवायला सुरुवात केली. मूळ गायकच असता तर त्यानेही साठीत पट्टी उतरवूनच मागितली असती. प्रश्न एवढाच की उतरवल्यावर गाणं कसं वाटतं. उंच जागा सोप्या होतात, पण कडव्यातल्या खालच्या ओळी आणखी खाली जातात आणि तिथे काही गायकांचा आवाज तळाशी बसल्यासारखा होतो: शब्द ऐकू येतात, सूर येत नाही. कोरस दणदणीत आणि कडवं मात्र पुटपुटल्यासारखं, असं काही वाटलं तर कारण बहुधा इथे सापडेल.

उलट पट्टी जशीच्या तशी ठेवणारे बँडही असतात आणि तिथे गायकाची कसोटी खरीखुरी. आयर्न मेडनमध्ये १९९४ ते १९९९ ब्लेझ बेली गायला. त्याचा आवाज खालच्या पट्ट्यातला आणि त्याच्या वाट्याला आलेली जुनी गाणी आधीच्या गायकाच्या, ब्रूस डिकिन्सनच्या उंच गळ्यासाठी रचलेली. त्या काळच्या चित्रणात तो ओढाताण करताना दिसतो, त्यात नवल नाही. निवड बँडची होती, बोल मात्र त्याला बसले.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या कॉन्सर्टच्या 'पाल' (PAL) ह्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ने चालवली की सगळं सुमारे चार टक्के वेगाने धावतं आणि सूर दुरुस्त केला नसेल तर पट्टी एका अर्धस्वराच्या सत्तर टक्क्यांइतकी वर चढते. जुना गायक उगाचच उंच आणि चपळ वाटतो, नवा त्याच्यापुढे जड. दुसरा: इंटरनेटवर कुणीतरी परस्पर चढवलेल्या प्रती. हक्काच्या तपासणीतून निसटायला लोक त्यांचा सूर मुद्दाम हलवतात. ट्यूनरचा काटा दोन सुरांच्या बरोबर मधे लटकत असेल तर ती प्रत बाजूला ठेवा.

४. लय मोजा, मग दमाबद्दल बोला

'नव्या गायकाला दम नाही.' हे वाक्य लिहिण्याआधी मेट्रोनोम ॲपवर बोट आपटून गाण्याची गती मोजा, आणि तीच जुन्या लाइव्हमध्येही मोजा.

समजा, एक ओळ चार आवर्तनांची आहे. चार-चारच्या मोजणीने सोळा मात्रा. मिनिटाला १४४ मात्रांच्या गतीला ती ओळ ६.७ सेकंदांत संपते. तोच बँड आता १३२ने वाजवत असेल तर तिला ७.३ सेकंद लागतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक, आणि तोही ओळीच्या शेवटी, जिथे सूर सहसा सगळ्यात वर असतो आणि फुप्फुसं रिकामी व्हायला आलेली असतात. गायक मधे श्वास घेतो आणि ओळ तुटते. बघणाऱ्याला वाटतं गायक कमी पडला. गती उतरलेली असते ड्रमरच्या सत्तरीमुळे.

उलटही घडतं. आधी रेकॉर्ड केलेले साथीचे आवाज (बॅकिंग ट्रॅक) वाजवायचे असले की ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, असतो आणि गती पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत जराही हलत नाही. जुन्या लाइव्हमध्ये कोरसला बँड किंचित पुढे धावतो, सोलोत आणखी. ती धाव गेली की गाणं 'बेजान' वाटतं आणि बोट पुन्हा गायकाकडे दाखवलं जातं. दोन-तीन ठिकाणी गती मोजा: पहिलं कडवं, शेवटचा कोरस. आकडा अगदी तोच आला तर क्लिकची शक्यता मोठी.

५. पडदा बंद करून ऐका

मोजमाप झालं. आता गाणं. पडदा झाका किंवा पाठ फिरवून बसा, आणि सगळी कॉन्सर्ट न ऐकता चार गाणी निवडा: सुरुवातीचं, मूळ गायकाचं सगळ्यात गाजलेलं, एक संथ, आणि ह्याच गायकाबरोबर बँडने रेकॉर्ड केलेलं एक. पैकी एखादं कॉन्सर्टच्या शेवटच्या भागातलं असू द्या, म्हणजे गळा थकल्यावर काय होतं ते कळेल.

काय ऐकायचं? उंच सूर सगळेच ऐकतात, ते सोडा. मी आधी ओळीचा शेवट ऐकतो. शेवटचा स्वर गायक धरून ठेवतो, हळूच सोडतो, की मधेच तोडून माइक प्रेक्षकांकडे करतो? मग शब्दातला स्वर, म्हणजे अ, ई, ए असा उच्चार, कसा बदलतो ते. उंच जागेवर 'ई'चा उच्चार गाणं अवघड. जाणकार गायक तो 'ए'कडे झुकवतो, गळा उघडा राहतो आणि शब्दही कळतो. कच्चा गायक 'ई'च रेटतो आणि आवाज चिरकतो. मग सुरावर येण्याची पद्धत: थेट येतो की खालून घसरत? एखाद-दुसरी घसरण शैली असते. प्रत्येक ओळ खालूनच सुरू होत असेल तर सूर सापडायला वेळ लागतोय.

त्यानंतर दुसरं कडवं. पहिल्या कडव्यात सगळे सावध असतात. दुसऱ्यात गायक शब्द थोडे मागे-पुढे ठेवतो का, गिटारच्या फटीत एखादी हाळी टाकतो का, की रेकॉर्डवर होतं तसंच अक्षरश: उतरवतो? तो गाणं पाठ म्हणतोय की गातोय, हे इथे कळतं.

६. बाकीचे आवाज विसरू नका

'काहीतरी हरवलंय' असं वाटतं तेव्हा दर वेळी मुख्य गायकच हरवलेला नसतो. रॉक बँडचा आवाज पुष्कळदा दोन-तीन गळ्यांचा मिळून झालेला असतो. व्हॅन हेलनच्या कोरसमधला तो उंच आवाज बास वाजवणाऱ्या मायकेल अँथनीचा. मूळ गायक डेव्हिड ली रॉथ गेला आणि हेगर आला तरी अँथनी होता, त्यामुळे १९८६च्या न्यू हेवनच्या व्हिडिओतही कोरस ओळखीचाच लागतो. 'येस'मध्ये ख्रिस स्क्वायरचा बास आणि त्याचा मागचा सूर दोन्ही २०१५ मध्ये त्याच्याबरोबर गेले. त्यानंतरच्या चित्रणांत गायक जॉन डेव्हिसनकडे बोट दाखवण्याआधी कोरसमधली ती रिकामी जागा ऐका.

ॲलिस इन चेन्सचं उदाहरण याच्या बरोबर उलट. मूळ गायक लेन स्टेली २००२ मध्ये वारला. २००६ पासून विल्यम ड्युव्हॉल गातो. त्या बँडची ओळख म्हणजे दोन आवाजांची ती गडद जुळणी, आणि त्यातला दुसरा आवाज, गिटारवादक जेरी कँट्रेल, तिथेच आहे. नव्या गायकाला निम्मं घर बांधलेलं मिळालं. तिथे ड्युव्हॉलला स्टेलीसारखं गाण्याची गरज नाही. कँट्रेलशी जुळवून घ्यायची आहे. तेवढंच तपासा.

७. खरं किती आणि दुरुस्त किती

प्रसिद्ध झालेला कॉन्सर्ट व्हिडिओ म्हणजे त्या रात्रीची जशीच्या तशी नोंद नव्हे. चुकलेला सूर दुरुस्त होतो, बिघडलेली ओळ स्टुडिओत पुन्हा गायली जाते, दोन रात्रींतून एक गाणं शिवलं जातं. ही गोष्ट नव्या गायकांच्या काळात सुरू झाली असं मात्र समजू नका. ज्यूडस प्रीस्टच्या १९७९च्या जपानमधल्या लाइव्ह अल्बमवर हॅलफर्डचं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केलेलं आहे. थिन लिझीच्या १९७८च्या लाइव्ह अल्बममध्ये मंचावरचं किती आणि स्टुडिओतलं किती यावर निर्माता आणि बँड यांच्यात कधीच एकमत झालं नाही. जुना गायक 'अस्सल' आणि नवा 'दुरुस्त केलेला', ही वाटणी खोटी.

तरी पारखायचं असेल तर आता चित्र चालू करा आणि हे बघा:

- माइक तोंडापासून हातभर लांब गेला तरी आवाज तसाच जवळचा, भरीव राहतो का?
- कोरसला तीन आवाज ऐकू येतात आणि माइकपाशी एकच माणूस आहे, असं होतं का?
- ओळीआधीचा श्वास कुठेच ऐकू येत नाही का?
- गायक गायला लागला की प्रेक्षकांचा गलका एकदम खाली बसतो आणि ओळ संपताच उसळतो का?
- एकाच गाण्यात शर्ट, घामाची ओल किंवा गिटारचा पट्टा बदलतो का? मग एकापेक्षा जास्त रात्री आहेत.

शेवटचं पुस्तिकेतही पडताळता येतं. क्वीन आणि लॅम्बर्टचा २०२०चा लाइव्ह संग्रह तर उघडपणेच वेगवेगळ्या ठिकाणच्या कार्यक्रमांतून निवडलेला आहे. त्यात गायकाचा 'शेवटपर्यंत टिकलेला दम' शोधण्यात अर्थ नाही; प्रत्येक गाण्याला त्याचा गळा वेगळ्या दिवशीचा आहे.

आता हेडफोनची गोष्ट. ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून 'हा तर नुसते ओठ हलवतोय' असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. आधी ड्रमकडे बघा. काठी स्नेअर ड्रमवर पडते तो क्षण आणि टप्प आवाज ऐकू येतो तो क्षण यांतही तेवढंच अंतर असेल तर दोष तुमच्या ब्लूटूथचा किंवा टीव्हीचा आहे. ड्रम बरोबर आणि ओठच चुकत असतील, तेव्हाच शंका घ्या.

८. साउंड ट्रॅक नीट निवडा

हे पटकन सांगतो. डिस्कवर सहसा स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) आणि ५.१ (सहा स्पीकरांचा) असे दोन ट्रॅक असतात. ५.१ मध्ये गायकाचा आवाज बऱ्याचदा मुख्यत: मधल्या स्पीकरला दिलेला असतो. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर मेनूत जाऊन स्टिरिओ निवडा, नाहीतर यंत्र सहाचे दोन करताना गायकाला मागे ढकलण्याची शक्यता असते. टीव्हीतले 'कॉन्सर्ट हॉल', 'स्टेडियम' वगैरे आवाजाचे प्रकार बंद करा. गायक बँडच्या खाली गाडला गेलाय असं अजूनही वाटलं तर तो मिक्स करणाऱ्याचा निर्णय, तसंच लिहा.

९. गाण्यांची यादी वाचा

बँडला स्वतःच्या नव्या गायकाबद्दल काय वाटतं, हे मुलाखतींपेक्षा गाण्यांच्या यादीत कळतं. दोन रकाने पाडा: मूळ गायकाच्या काळातली गाणी आणि ह्याच्या काळातली.

व्हॅन हेलनच्या त्या १९८६च्या व्हिडिओत रॉथच्या काळातली गाणी मोजकीच आहेत; हेगरबरोबर केलेल्या नव्या अल्बमला बँड छातीठोकपणे पुढे करतो. हा आत्मविश्वास आवडो न आवडो, भूमिका स्वच्छ आहे. दुसऱ्या टोकाला असे बँड आहेत की नव्या गायकाबरोबर एक-दोन अल्बम करूनही मंचावर त्यातलं एखादंच गाणं घेतात, तेही मधे कुठेतरी, लोक पाय मोकळे करायला उठतात तेव्हा. गायकाला मग दुसऱ्याच्या कपड्यांत दोन तास काढावे लागतात.

नव्या काळातलं गाणं असेल तर ते सगळ्यात बारकाईने ऐका. ते त्याच्या गळ्यावर बेतलेलं असतं, तुलनेला जुना आवाज नसतो, आणि बँडही तिथे काही सिद्ध करायला बघत असतो. बाकी अख्खी कॉन्सर्ट बेतास बात आणि हे एकच गाणं पेटलेलं, असं झालं तर दोष गायकात नाही, यादीत आहे.

ह्याची उलटी तपासणीही करता येते, आणि ती मला फार आवडते. डिकिन्सन १९९९ मध्ये मेडनमध्ये परतला. जानेवारी २००१च्या रिओच्या कॉन्सर्टमध्ये बँडने बेलीच्या काळातली दोन लांबलचक गाणी घेतली आणि ती डिकिन्सन गायला. ती ऐका, मग बेलीचं मूळ ऐका. गाणी मुळात चांगलीच होती, हे एक कळतं. दुसरं असं की काही खालच्या, काळोख्या जागा बेलीच्याच गळ्यात जास्त शोभतात. 'नवा' गायक गेल्यावर त्याची गाणी जुना गायक गातोय, आणि तिथे आपण बेलीला झुकतं माप देतो! नवा-जुना ह्या भांडणातली हवा काढायला याहून चांगला इलाज मला माहीत नाही.

१०. आता बघा, पण गर्दीकडे नको

प्रेक्षक रडताहेत, हात उंचावताहेत, म्हणजे गायक भारी, असं नसतं. संकलक प्रेक्षकांचे तुकडे सोयीप्रमाणे कुठेही लावतो. आणि गर्दीची स्वतःची कारणं असतात: मनिलाच्या व्हिडिओत लोकांनी डोक्यावर घेतलंय ते आपल्या शहरात परतलेल्या पोराला. दृश्य सुंदर आहे. पण त्यातून सुरांबद्दल काही कळत नाही.

मंचावर बघा. सोलो चालू असताना गायक कुठे जातो? गिटारवाला ओळ उचलण्याआधी त्याच्याकडे बघतो का, की दोघं आपापल्या कोपऱ्यात? गाणं वेळेआधी संपवायचं किंवा लांबवायचं असेल तर खूण कोण करतं? पहिल्या वर्षातल्या गायकांची नजर वारंवार ड्रमरकडे जाते. पुढे ती थांबते. मूळ गायकाचा उल्लेख होतो तेव्हा बँड काय करतो हेही बघा. क्वीनच्या कार्यक्रमांत गिटारवादक ब्रायन मे गाता गाता मर्क्युरीचं जुनं चित्रण पडद्यावर येतं आणि लॅम्बर्ट त्या वेळी मंचावर नसतो. जागा कुणाची हे तिथे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं आहे, त्यामुळे बाकीचा वेळ लॅम्बर्ट मोकळेपणाने चमकून घेतो. ज्या बँडने हे ठरवलेलं नसतं, त्यांचा गायक सारखा अवघडलेला दिसतो.

११. मत लिहिताना

चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: गाणारा, वाजवणारे, आवाजाचं मिक्सिंग, चित्रण आणि संकलन. एकाची शिक्षा दुसऱ्याला नको. 'हा काही अमुक नाही' हे वाक्य वहीत आलं की खोडा; ते बघण्याआधीही माहीत होतं. त्याऐवजी जागा सांगा: 'संथ गाण्यात खालचे सूर भरीव, शेवटच्या कोरसला दोनदा ओळ तोडली, पण गती जुन्या लाइव्हपेक्षा कमी होती, नव्या अल्बमचं गाणं सगळ्यात चांगलं, कोरसमधले मागचे आवाज ट्रॅकवरचे वाटतात.' एवढं लिहिलंत तरी डिस्क घ्यायची की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येतं.

कुठली प्रत ऐकलीत आणि कुठला साउंड ट्रॅक, तेही वर लिहून ठेवा. आणि मत पक्कं करण्याआधी काही दिवस जाऊ देऊन संथ गाणं तेवढं एकदा पुन्हा लावा, मधल्या काळात मूळ गायकाचं काहीही न ऐकता.